जंतुभक्षक विषाणू आणि वासरांची रोगप्रतिकारशक्ती

जन्मल्यापासून पंधरवड्याच्या आत हगवण लागून वासरू दगावणे, ही आपल्या गोठ्यांतील नेहमीची हानी होय. "रोगजंतूंना खाणारे विषाणू निघाले आहेत, मग चीक व लस यांची यातायात कशाला?" असा प्रश्न शेतकरी बंधू विचारू लागले आहेत. त्याचे उत्तर समजण्यासाठी ह्या विषाणूंचे कार्य पाहणे अगत्याचे आहे.

जंतुभक्षक म्हणजे काय?

१९१५ साली इंग्लंडमध्ये ट्वॉर्ट यांनी व १९१७ साली फ्रान्समध्ये देरेल यांनी ह्या विषाणूंचा शोध लावला. देरेल यांनी त्यांस 'बॅक्टेरिओफाज', म्हणजे जंतुभक्षक, असे नाव दिले. हा विषाणू ठराविक जातीच्या जंतूस चिकटतो, आपले बीजद्रव्य आत सोडतो व तेथे वाढून जंतू फोडून बाहेर पडतो. दुसऱ्या जातीच्या जंतूस तो सहसा शिवत नाही. जनावराच्या पेशीत तो वाढत नाही.

शरीर त्याला कसे वागविते?

शरीराच्या दृष्टीने मात्र हा मित्रही परकाच होय. रक्तात गेलेले जंतुभक्षक यकृत व पाणथरी येथील भक्षक पेशी पकडून नष्ट करतात. पुढे शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. त्यामुळे तेच औषध पुन्हा दिल्यास त्याचा गुण कमी येण्याचा संभव असतो. तोंडावाटे दिलेल्यांपैकी पुष्कळसे जठरातील आम्लाने निकामी होतात. ह्याउलट आतड्याच्या अस्तरावरील बुळबुळीत थरास काही जंतुभक्षक चिकटून राहतात व तेथे येणाऱ्या जंतूंना अटकाव करतात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

दोघांचे सहकार्य

१९८३ साली ब्रिटनमध्ये स्मिथ व हगिन्स यांनी ई. कोलाय जंतूंमुळे होणाऱ्या वासरांच्या हगवणीवर जंतुभक्षकांचा यशस्वी प्रयोग केला. तथापि २०१७ साली उंदरांच्या फुप्फुसदाहावरील प्रयोगात असे आढळले की, रक्तातील पांढऱ्या पेशी कमी असलेले उंदीर केवळ जंतुभक्षकांनी वाचले नाहीत. कारण काही जंतू जंतुभक्षकांना दाद देत नाहीत. त्यांचा समाचार पांढऱ्या पेशींनाच घ्यावा लागतो. पिकातील तण कोळप्याने बहुतेक निघते, परंतु ओळीतील उरलेले तण खुरप्यानेच काढावे लागते, तसेच हे आहे.

गोठ्यात काय करावे?

गाईच्या वारेतून गर्भास प्रतिद्रव्ये मिळत नाहीत; ती चिकातूनच मिळतात. एक दिवसानंतर वासराचे आतडे ती शोषून घेऊ शकत नाही. म्हणून:

१. जन्मल्यापासून शक्यतो दोन तासांच्या आत चीक पाजावा. पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या सुमारे एक दशांश चीक पोटात जावा.

२. नाळ कापल्यावर टिंक्चर आयोडीन लावावे व गोठा कोरडा ठेवावा.

३. हगवण लागताच मीठ-साखरेचे पाणी पाजण्यास आरंभ करावा व पशुवैद्यकास बोलवावे.

४. हगवण विषाणूंमुळे वा परोपजीवींमुळेही होते. तेथे जंतुभक्षकांचा उपयोग नाही. म्हणून निदानाशिवाय जंतुभक्षकांची वा प्रतिजैविकांची कोणतीही बाटली विकत घेऊ नये.

जंतुभक्षक हा उपयुक्त मदतनीस आहे. परंतु वासराचा पहिला राखणदार त्याच्या आईचा चीकच होय. ही गोष्ट ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक गोठ्यात, गाय विण्यापूर्वीच समजावून सांगावी.