तळ्याचे नाव आणि कुंडीतील माती

प्रस्तावना

मराठी घर पुण्यात असो, नागपुरात असो की नर्मदेकाठच्या जबलपुरात. त्याच्या ओट्यावर, गच्चीत किंवा खिडकीच्या कठड्यावर एखादी कुंडी आढळतेच. रोप विकत आणणे सोपे असते; ते जगवणे मात्र ऋतू ओळखल्याशिवाय जमत नाही. जबलपुरातील चेरीताल या वस्तीच्या निमित्ताने प्रस्तुत पाठात वर्षभराच्या बागकामाची माहिती दिली आहे. एकाच वस्तूला दोन भाषांत कोणती नावे आहेत, हेही या पाठात तुम्हांला पाहता येईल. पाठ वाचून झाल्यावर आपल्या गावच्या हवामानाप्रमाणे रोपांची निगा कशी राखावी, हे तुम्ही स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल.

मूळ पाठ

चेरीताल हे नाव प्रथम ऐकणाऱ्याला चेरीची फळे आठवतात. त्या फळांचा आणि या नावाचा काही संबंध नाही. संस्कृतातील ‘चेटी’ म्हणजे दासी; हिंदीत तीच ‘चेरी’ झाली. ‘ताल’ म्हणजे तलाव. गढा-मंडला राज्याचा कारभार सोळाव्या शतकात राणी दुर्गावतीच्या हाती होता. मोगल सरदार आसफखानाशी लढताना २४ जून १५६४ रोजी तिला वीरमरण आले. राणीने स्वतःच्या नावाने रानीताल, दिवाण आधारसिंह याच्या नावाने आधारताल आणि आपल्या दासीच्या नावाने चेरीताल बांधविला, असे परंपरा सांगते. राणी, दिवाण आणि दासी या तिघांच्या नावांना एकाच मापाने मान देणारी ही परंपरा जबलपूरकर अभिमानाने सांगतात, आणि ते रास्तच आहे.

जबलपूर हे ‘बावन्न तालांचे गाव’ म्हणून ओळखले जाई. त्यांतील हनुमानताल, आधारताल यांसारखे काही तलाव आजही पाहावयास मिळतात. चेरीताल मात्र बुजला. तेथे घरे, गल्ल्या आणि दुकाने झाली. तलाव गेला आणि त्याचे नाव पत्त्यात उरले. जुन्या घरांना अंगण असे आणि अंगणात पारिजातक, जास्वंद, तुळशीवृंदावन असे. दाटीच्या वस्तीत अंगण आक्रसले आणि बाग कुंडीत आली. म्हणूनच अशा वस्तीतील कुटुंबांना रोपवाटिका जवळची वाटते.

रोपवाटिका हा शब्द पुस्तकातला. बोलण्यात सर्वजण ‘नर्सरी’च म्हणतात. सुटीच्या दिवशी आजी, सून आणि दोन मुले अशी मंडळी तेथे जातात तेव्हा खरेदीपेक्षा पाहणेच अधिक होते. माळ्याशी संभाषण अर्थातच हिंदीत चालते. आजी ज्याला कुंडी म्हणते तो माळ्याचा ‘गमला’, तिचा झेंडू म्हणजे ‘गेंदा’, जास्वंद म्हणजे ‘गुडहल’, पारिजातक म्हणजे ‘हरसिंगार’ आणि कढीपत्ता म्हणजे ‘मीठी नीम’. या शेवटच्या नावाने नव्याने आलेली मराठी माणसे हमखास फसतात. कडुनिंबाचाच एखादा गोड प्रकार असावा अशा समजुतीने ती ते रोप दूर ठेवतात आणि कढीपत्ता मिळत नाही म्हणून हळहळत घरी परततात! परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबाची मुले दोन्ही नावे सहज उचलतात. मराठी नाव त्यांच्या ओठी राहावे, असे मात्र आजीला वाटते. त्यासाठी कुंडीसमोर उभे राहून ते नाव पुन्हा पुन्हा उच्चारण्यावाचून दुसरा उपाय तिच्यापाशी नसतो.

पावसाळा

जबलपूरला मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या उत्तरार्धात पोहोचतो. वर्षाकाठी तेथे तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सप्टेंबरपर्यंत पडून जातो. नवीन लागवडीला हाच काळ उत्तम. केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली देशभर वनमहोत्सव सुरू केला, तोही याच हेतूने जुलैच्या पहिल्या आठवड्यात. दसरा-दिवाळीला घरचा झेंडू हवा असेल तर बी जून-जुलैत पेरावे लागते, कारण पेरणीपासून फुलापर्यंत दोन-अडीच महिने जातात. शेवंतीची खोडेही याच सुमारास लावतात. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात बी शोधत रोपवाटिकेत येणारे लोक कमी नसतात. माळी त्यांना हसत नाही. फुललेले रोप विकतो.

गंमत अशी की, कुंडीतील रोपे उन्हाळ्यात जेवढी मरतात, तेवढीच पावसाळ्यातही मरतात. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधील पोकळ जागा सतत पाण्याने भरलेली राहिली की मुळे गुदमरतात, कुजतात आणि त्यांवर बुरशी चढते. अशा रोपाची पाने पिवळी पडून माना टाकतात. ते पाहून घरातील माणसे ‘तहानले असेल’ असे म्हणून आणखी पाणी घालतात. प्रेमाने केलेला हा अपाय असतो. त्यावर साधा उपाय आहे. मातीत बोट पेराएवढे खुपसून पाहावे. आत ओल लागली तर त्या दिवशी झारी उचलू नये.

जबलपूरच्या परिसरात काळी माती विपुल आहे. शेतात ती सोन्यासारखी. कुंडीत मात्र हट्टी. भिजली की फुगून चिकट होते आणि वाळली की दगडासारखी कडक होऊन तिला भेगा पडतात. मग वरून घातलेले पाणी कडेच्या भेगेतून थेट खाली निघून जाते आणि मूळ कोरडेच राहते. म्हणून दोन भाग मातीत एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू मिसळावी. कुंडीच्या तळाच्या छिद्रावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा, म्हणजे पाणी निघून जाते पण माती वाहत नाही. ताजे शेण कधीही घालू नये; ते कुजताना उष्णता निर्माण करते आणि कोवळी मुळे जळतात.

याच दिवसांत महाकोशलात एक सुंदर लोकाचार पाळला जातो. श्रावणात पानांच्या द्रोणांत माती भरून त्यात गहू पेरतात. अंधाऱ्या जागी ठेवल्यामुळे त्यांचे अंकुर पिवळसर, लांब आणि कोवळे वाढतात. यांना ‘कजलिया’ किंवा ‘भुजरिया’ म्हणतात. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ते द्रोण तलावावर किंवा नर्मदेच्या घाटावर नेऊन धुतात आणि मूठभर अंकुर एकमेकांना देऊन शुभेच्छा व्यक्त करतात. लहानांनी ते मोठ्यांच्या हाती द्यावेत आणि मोठ्यांनी आशीर्वाद द्यावा, अशी रीत आहे. मराठी घरांत नवरात्राच्या घटाखाली धान्य पेरतात. दोन्ही चालींमागची कल्पना एकमेकींची सख्खी बहीण शोभावी इतकी जवळची आहे. बी कसे रुजते हे लहान मुलांना दाखवण्यासाठी यापरते दुसरे साधन नाही.

शरद आणि हिवाळा

पाऊस ओसरला की रोपवाटिकेला खरा बहर येतो. पिटुनिया, फ्लॉक्स, डेलिया, पॅन्सी या हंगामी फुलांची रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरात वाफ्यांवर तयार होतात आणि महिन्याभरात विक्रीस येतात. घेणाऱ्याची नजर साहजिकच सर्वांत अधिक फुललेल्या रोपाकडे जाते. ती चूक होय. पूर्ण फुललेले रोप जागा बदलताच फुले गाळून बसते. बुटके, भरपूर फांद्यांचे, कळ्या धरलेले रोप निवडावे. पाने उलटून मागची बाजू पाहावी; मावा तेथेच लपतो. रोप घरी आणल्यावर दोन-चार दिवस सावलीत ठेवावे आणि मग संध्याकाळी कुंडीत लावावे. भर दुपारी पिशवी फाडून रोप लावणाऱ्याला ते क्वचितच लाभते.

गुलाबाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण सर्वाधिक तक्रारी त्याच्याच असतात. ‘लाल गुलाब आणला होता, दोन वर्षांनी त्याला बारीकसारीक फुले येऊ लागली, माळ्याने फसवले,’ असे पुष्कळ जण म्हणतात. बहुतेक वेळा माळ्याचा दोष नसतो. बाजारातील गुलाब हे डोळा भरून केलेले कलम असते. खालचे मूळ काटक रानगुलाबाचे आणि वरचा डोळा निवडक जातीचा. जोडाच्या खालून जो फुटवा निघतो तो रानगुलाबाचा होय. तो जोमाने वाढतो, सारे अन्न ओढून घेतो आणि वरचे कलम हळूहळू वाळते. असा फुटवा दिसताच मुळाशी काढून टाकावा. त्याची हिरवीगार वाढ पाहून आनंद मानणारे घरधनी पुढे पस्तावतात. ऑक्टोबरच्या मध्यास गुलाबाची छाटणी करून वाळक्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. डोळ्याच्या किंचित वर तिरपा काप घ्यावा आणि खत द्यावे; दीड-दोन महिन्यांत फुले येतात.

हिवाळ्यात जबलपूरच्या बाजारात हिरव्या मटारांचे ढीग लागतात. हा जिल्हा त्यासाठी प्रसिद्धच आहे. रुंद कुंडीत आठ-दहा दाणे पेरून वेलांना काटक्यांचा आधार दिला तर घरीही शेंगा धरतात. त्यांनी भाजीचा खर्च भागत नाही, हे खरे. पण वेलावरची शेंग तोडून तिथेच खाण्याची चव मुलांच्या लक्षात राहते. धने पेरताना ते हलके रगडून दोन फोडी कराव्यात. एकेका धन्यात दोन बिया असतात.

जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली उतरते. कार्तिकात जिचा विवाह थाटाने लावला, ती तुळस या थंडीत काळवंडते. रात्री तिच्यावर पातळ कापड टाकावे, सकाळी काढावे आणि पाणी बेताने द्यावे. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर तुळस अधिक टिकते. मंजिरीचे बी वाळवून ठेवले की पावसाळ्यात नवी रोपे मिळतात.

हेच दिवस फुलांच्या प्रदर्शनांचे. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरणारे पुष्पप्रदर्शन अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे पाहत आली आहेत. ही बाग सांभाळणाऱ्या ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेची स्थापना १८३० सालची. तेथे लागूनच रोपवाटिका आहे. प्रदर्शनात पाहिलेले फूल परतताना कुंडीसह घरी नेता यावे, ही सोय प्रदर्शनाइतकीच महत्त्वाची म्हटली पाहिजे.

उन्हाळा आणि रोजगार

मोगऱ्याला जानेवारीत काही आठवडे पाणी तोडावे, फेब्रुवारीच्या आरंभी छाटणी करून खत-पाणी द्यावे, म्हणजे चैत्रापासून कळ्या लागतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कुंड्या एकमेकींना लगटून, भिंतीच्या पूर्वेस ठेवाव्यात आणि मातीवर पाचोळ्याचे आच्छादन द्यावे. तांदूळ, डाळ व भाज्या धुतलेले पाणी झाडांना चालते, साबणाचे नाही.

रोपवाटिका हे अनेकांच्या पोटापाण्याचे साधनही आहे. पिशव्या भरणे, बी पेरणे, डोळा भरणे, गुटी कलम बांधणे ही कामे करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. त्यांतील कलम बांधणाऱ्या हाताला अधिक मोल मिळते, कारण ते कौशल्य आहे. शाळा अर्ध्यावर सुटलेल्यालाही ते शिकता येते. हवा असतो तो धीर आणि स्वच्छ, धारदार चाकू. जबलपूरचे जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ १९६४ साली स्थापन झाले. त्याचा परिसर आधारतालकडेच आहे. देशभरातील कृषी विज्ञान केंद्रांतून शेतकरी आणि ग्रामीण तरुणांना अशा कामांचे प्रशिक्षण दिले जाते.

आधारतालमध्ये अजून पाणी आहे. पावसाचे पाणी साठवून आसपासच्या विहिरी जिवंत ठेवणे हे या तलावांचे मुख्य काम होते. चेरीतालमध्ये आता ते काम करणारे कोणी नाही. छपरावरून आलेले पाणी गल्लीतून वाहून जाते. काही घरी पन्हळीखाली पिंप ठेवून ते धरतात आणि पाऊस उघडला की कुंड्यांना घालतात. कजलियांचे द्रोण धुवायला मात्र चेरीतालच्या मुलींना दुसऱ्या तळ्यावर जावे लागते.

शब्दार्थ

आक्रसणे – आकुंचन पावणे, लहान होणे
पन्हळ – छपराचे पाणी वाहून नेणारी नळी
फुटवा – खोडाला किंवा मुळाला फुटलेली नवी फांदी
मंजिरी – तुळशीचा तुरा
गुटी कलम – फांदीची साल गोल काढून तेथे ओले शेवाळ बांधून मुळे फुटू देण्याची पद्धत

स्वाध्याय

१. ‘प्रेमाने केलेला हा अपाय असतो,’ असे पाठात का म्हटले आहे?
२. गुलाबाचे फूल ‘बदलले’ असे वाटण्यामागील खरे कारण चार-पाच वाक्यांत लिहा.
३. काळी माती शेतात चांगली, पण कुंडीत हट्टी कशी, ते स्पष्ट करा.
४. कजलिया आणि घटाखाली पेरलेले धान्य यांतील साम्य सांगा. तुमच्या गावी असा एखादा आचार असल्यास त्याचे वर्णन करा.
५. तुमच्या परिसरातील पाच झाडांची मराठी नावे आणि तेथील बोलीतील नावे समोरासमोर लिहा.
६. तुमच्या गावात नावापुरता उरलेला तलाव, ओढा किंवा बाग आहे काय? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.