‘ऑस्लो, ३१ ऑगस्ट’ : व्यसन सुटल्यानंतरचा एक दिवस

जिज्ञासू : हा चित्रपट नेमका कशाविषयी आहे?

जाणकार : उपचार संपत आलेल्या व्यसनी माणसाच्या एका दिवसाविषयी. योआकिम त्रिएर यांचा हा नॉर्वेजियन चित्रपट २०११ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. नायक अँडर्स चौतिशीतला. हेरॉइन सोडून तो शहराबाहेरच्या व्यसनमुक्ती केंद्रात राहतो. नोकरीच्या मुलाखतीसाठी त्याला एका दिवसाची सुट्टी मिळते. कथेचा आधार पिएर द्रिउ ला रोशेल यांची १९३१ ची फ्रेंच कादंबरी. तिच्यावर लुई माल यांनीही १९६३ मध्ये चित्रपट केला होता.

जिज्ञासू : केंद्रातल्या गटसभेचा त्याला आधार मिळत नाही?

जाणकार : गटसभेत एकेक जण मन मोकळे करतो, बाकीचे ऐकतात. सारी मदार बोलण्यावर. अँडर्सने त्याच सकाळी जीव द्यायचा प्रयत्न केलेला असतो आणि सभेत तो त्याविषयी अवाक्षर काढत नाही. प्रेक्षकाला हे ठाऊक असते, गटाला नसते. चित्रपट अस्वस्थ करू लागतो तो इथून.

जिज्ञासू : आणि मुलाखत?

जाणकार : ती एका मासिकाच्या कचेरीत होते, रंगतेही. मग संपादक बायोडेटातल्या रिकाम्या वर्षांबद्दल विचारतो. अँडर्स खरे सांगून टाकतो, बायोडेटा परत मागतो आणि निघून जातो. नकार कोणी दिलेलाच नसतो.

जिज्ञासू : पुन्हा हेरॉइनकडे वळण्याचे कारण तेच?

जाणकार : त्रिएर एकाच कारणावर बोट ठेवत नाहीत. मित्र संसाराला लागलेत, बहीण भेटायला येत नाही, आईवडिलांचे घर विकायला काढलेय. कॅफेत शेजारच्या टेबलावर एक मुलगी आयुष्यात काय काय करायचे त्याची यादी वाचून दाखवते. अँडर्स नुसता ऐकत बसतो.

जिज्ञासू : इतके दिवस दूर राहिल्यावर एकदा घेतले तर एवढा धोका कसा?

जाणकार : रोजच्या सेवनाने शरीर हेरॉइनला सरावते. ते बंद झाले की हा सराव मोडतो, ओढ मात्र टिकून राहते. मग जुनीच मात्रा घेतली तरी श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. त्यामुळे केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार जोखमीचे असतात आणि पाठपुरावा हा उपचाराचाच भाग ठरतो. घरी परतलेल्याला ‘सुटलास एकदाचा’ म्हणून मोकळे होणाऱ्या आप्तांनी हा चित्रपट जरूर पाहावा.