नवी क्लच-प्लेट घातली, तरी गिअर पडेना

ट्रॅक्टरची क्लच-प्लेट बदलली आणि पेडल पूर्ण दाबूनहि गिअर करकरतो, अशी तक्रार ऐन पेरणींत पुष्कळदां येते. प्लेट फ्लायव्हीलपासून सुटत नाहीं, हा त्याचा अर्थ. अशा वेळीं बळानें गिअर घालूं नये. दाते तुटतात, शिवाय यंत्र अवचित उसळून समोरचा माणूस सांपडतो.

प्रथम इंजिन बंद करून पेडलची मोकळी चाल मोजावी. ती पुस्तिकेंत दिल्याहून अधिक असेल, तर बेअरिंग क्लचच्या फिंगरांस पुरतें ढकलीत नाहीं. दांडीचा नट फिरवून ती बेताची करावी. मुळींच ठेवली नाहीं तर मात्र नवी प्लेट घसरून जळेल. तेलावर चालणारा क्लच असल्यास नळींतील हवा काढावी.

एवढ्यानें न भागल्यास ट्रॅक्टर पुन्हां उघडावाच लागतो. प्लेट उलटी बसविण्याची चूक मुरलेले मिस्त्रीहि करितात. मग तिचा मधला उंचवटा फ्लायव्हीलच्या बोल्टांस घासल्याच्या खुणा दिसतात. शाफ्टच्या गंजलेल्या खाचांवर प्लेट हातानें सरकते कीं नाहीं, हें पाहण्यास दोन मिनिटें पुरतात, पण बसवितांना तें सहसा कोणी पाहत नाहीं. जोडतांना गिअरबॉक्सचा भार शाफ्टवर लोंबला असेल, तर प्लेट वांकते. ती ठोकून सरळ करण्याच्या नादीं न लागतां बदलावी.