निवाऱ्यातला दांडगा कुत्रा घरी आणताना

हजारो रुपये मोजून पिल्लू विकत आणण्यापेक्षा प्राण्यांच्या निवारा केंद्रातून कुत्रा दत्तक घ्यावा, हा विचार अलीकडे जिल्ह्याच्या ठिकाणीही रुजू लागला आहे. ही गोष्ट चांगली आहे. अशा केंद्रांत गावठी कुत्री असतात, हौसेने घेऊन नंतर सोडून दिलेले लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड असतात, कधी आपल्या दख्खनच्या मातीतला कारवानीही असतो. त्यांतले पुष्कळसे पूर्ण वाढीचे, अंगात रग असलेले. आधीच्या मालकाने सोडून देण्याचे कारण बहुधा एकच असते, ‘आवरत नाही.’

कुत्र्याचे आजार हा पशुवैद्यांचा प्रांत, हे खरे. परंतु त्याच्या धक्क्याने पडलेली आजी, त्याच्या दाताने फाटलेला हात, अंगावर उठलेली खाज हे सारे माझ्यासारख्या कुटुंबाच्या डॉक्टरकडे येते. म्हणून आज या विषयावर थोडे लिहितो.

आधी घराची तपासणी

कुत्रा पाहायला जाण्याआधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून काही प्रश्नांची खरी उत्तरे द्यावीत. मोठ्या, चपळ कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ मिळून दीड ते दोन तास चालणे, धावणे, खेळणे लागते. ते पावसाळ्यातही कोण करणार? घरात हाडे ठिसूळ झालेली वृद्ध व्यक्ती आहे का? कोणी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेते का? अशा माणसाला साधा ओरखडाही त्रासदायक ठरतो. पाच वर्षांखालचे मूल आहे का? कोणाला दमा किंवा ॲलर्जी आहे का? तशी शंका असेल तर त्या व्यक्तीने केंद्रात जाऊन दोन-तीन वेळा तासभर त्याच कुत्र्याजवळ बसून पाहावे. शिंका, डोळ्यांची खाज, धाप यांचा अंदाज तेथेच येतो. घरी आणून महिन्याने परत करण्यापेक्षा हे बरे.

दोष कुत्र्याचा की घराचा?

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचे उदाहरण सांगतो. पती बँकेत, पत्नी शिक्षिका, मुलगी आठवीत आणि आजी चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी केंद्रातून अडीच वर्षांचा, सत्तावीस किलो वजनाचा कारवानी-मिश्र कुत्रा आणला. कारवानी ही मुळात शिकारी जात. ससा दिसला की सुसाट सुटायचे, हे तिच्या रक्तातच आहे. कुत्रा स्वभावाने प्रेमळ होता, पण घरात त्याला चार माणसांचे चार कायदे लागू होते. अंगावर उडी मारली की वडील ‘खाली’ म्हणत, आई ‘नको’ म्हणे, मुलगी ‘डाऊन’ म्हणत हसत त्याला मिठी मारी आणि आजी ‘हड् मेल्या’ म्हणत ताटातली पोळी त्याच्यापुढे टाकीत. रविवारी सोफ्यावर बसलेला चाले, सोमवारी त्याच सोफ्यावरून रट्टा मिळे.

चौथ्या आठवड्यात आजी देवळातून परतत असताना कुत्र्याने दारातच आनंदाने त्यांच्या अंगावर झेप घेतली. आजी हातावर पडल्या आणि मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. नशीब, खुब्याचे हाड वाचले. या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे शस्त्रक्रिया, अंथरूण आणि कधीकधी जिवाशी गाठ. ‘डॉक्टर, हा हिंस्र निघाला, परत देतो,’ असे सांगत कुटुंब माझ्याकडे आले.

परंतु कुत्रा चावला नव्हता, गुरगुरलाही नव्हता. उडी मारली की मिठी मिळते, हे तो त्याच घरात शिकला होता. मुलीचे पंचेचाळीस किलो आणि आजीची ठिसूळ हाडे यांतला फरक त्याला कोण सांगणार?

यामागचे शास्त्र

इव्हान पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ साली पचनक्रियेवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. खाणे येण्याआधी दर वेळी ठरावीक आवाज केला, तर पुढे नुसत्या त्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, हे त्यांनी दाखवले. यात ‘दर वेळी’ हे शब्द महत्त्वाचे. आवाज एक आणि परिणाम रोज वेगळा असेल, तर कुत्र्याच्या मेंदूत सांधा जुळत नाही.

पुढे बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या कृतीचे बक्षीस कधी मिळते, कधी मिळत नाही, ती सवय मोडायला फार कठीण जाते. लॉटरीचे तिकीट घेणारा माणूस शंभर वेळा हरूनही पुन्हा घेतो, त्याचे कारण हेच. ताटाशेजारी बसलेल्या कुत्र्याला दहा दिवसांतून एकदा पोळी मिळाली, तरी तो उरलेले नऊ दिवस हटत नाही.

क्षयाच्या रोग्याला आम्ही बजावतो, की गोळ्या चार दिवस घेऊन दोन दिवस चुकवू नका, जंतू औषधाला निर्ढावतील. कुत्र्याच्या शिस्तीचेही तसेच समजावे. अधूनमधून पाळलेला कडक नियम निरुपयोगी, रोज सर्वांनी पाळलेला साधा नियम गुणकारी.

चिठ्ठीवरचे नियम

त्या कुटुंबाला मी पशुवैद्यांकडे आणि केंद्रातल्या अनुभवी कार्यकर्त्याकडे पाठवले. त्यांच्या सल्ल्याने जे ठरले, ते औषधाच्या चिठ्ठीवर लिहून फ्रिजच्या दारावर लावायला सांगितले. कोणत्याही घराला ते उपयोगी पडेल.

१. एका कृतीला एकच शब्द. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’, ‘सोड’ एवढे पुरेत. घरातल्या सर्वांनी, मोलकरणीनेही, तेच वापरावेत.

२. बक्षीस लगेच द्यावे. आज्ञा पाळल्यावर एक-दोन सेकंदांत खाऊचा लहानसा तुकडा किंवा शाबासकी. उशिरा दिलेले बक्षीस कशाचे, हे कुत्र्याला कळत नाही.

३. शिकवणी लहान ठेवावी. पाच ते दहा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा. तासभर ओरडण्याने दोघेही वैतागतात.

४. अंगावर उडी मारली तर ढकलू नये, ओरडू नये. त्यालाही ती गंमतच वाटते. गप्प राहून पाठ फिरवावी. चारही पाय जमिनीवर टेकले की कौतुक करावे. हा सराव धडधाकट माणसांनी करावा. तोवर वृद्धांच्या येण्या-जाण्याच्या वेळी कुत्रा साखळीला किंवा दुसऱ्या खोलीत असावा.

५. फिरताना त्याने ओढले की जागीच थांबावे. साखळी सैल झाली की पुढे चालावे. मोठ्या कुत्र्याला छातीभोवतीचा, पुढून साखळी अडकवता येणारा पट्टा सोयीचा. साखळी मनगटाला गुंडाळू नये, कुत्रा धावला की माणूस फरफटतो.

६. मारू नये. माराने कुत्रा शिकत नाही, हाताला भिऊ लागतो, आणि भ्यालेला कुत्रा चावतो.

पहिले दोन आठवडे फरक दिसला नाही, उलट उड्या वाढल्या. जुनी युक्ती चालेनाशी झाली की प्राणी ती आधी अधिक जोराने करून पाहतो. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक लोक हात टेकतात. या कुटुंबाने धीर धरला. तीन महिन्यांनी आजींनी ‘बस’ म्हटले की तो बसू लागला. कोंबडी दिसली की मात्र आजही त्याचे भान हरपते, म्हणून त्याला बाहेर मोकळा सोडत नाहीत. केंद्रातले लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात. तीन दिवस बिचकण्याचे, तीन आठवडे रुळण्याचे आणि तीन महिने घर आपले वाटण्याचे. पहिल्या आठवड्यातल्या वागण्यावरून त्याची परीक्षा करू नये.

गुरगुरणे दाबू नका

कुत्रा सहसा सूचना देऊन चावतो, आपल्याला ती वाचता येत नाही एवढेच. मान फिरवणे, ओठ चाटणे, झोप नसता जांभया देणे, शेपूट पायांत घालणे, अंग ताठ करणे आणि मग गुरगुरणे अशी ही पायरी-पायरी असते. गुरगुरल्याबद्दल मारले तर तो गुरगुरणे सोडेल, चावणे नव्हे. अशा वेळी मुलाला शांतपणे दूर न्यावे आणि कारण शोधावे. खाताना, झोपेत किंवा हाडूक चघळताना त्याला मुलांनी हात लावू नये. लहान मूल आणि मोठा कुत्रा यांना एका खोलीत एकटे सोडू नये, कुत्रा कितीही गरीब असला तरी. लहान मुलांना चावा पुष्कळदा चेहऱ्यावर आणि डोक्याला होतो.

लस आणि जंत

निवाऱ्यातून येताना लसीचे कार्ड मागून घ्यावे. नसेल तर पहिल्याच आठवड्यात रेबीजची लस टोचून घ्यावी. पहिल्या लसीचे संरक्षण यायला सुमारे चार आठवडे लागतात. पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी. लेप्टोस्पायरोसिसचीही लस असते. कुत्र्याच्या मूत्रातून हा रोग माणसाला होऊ शकतो. जंताचे औषध साधारण दर तीन महिन्यांनी द्यावे. कुत्र्याच्या जंतांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात गेली, तर यकृताला आणि डोळ्यालाही अपाय होतो. खेळून आल्यावर साबणाने हात धुण्याची सवय येथेच कामी येते. गोचिडी नुसत्या बोटांनी चिरडू नयेत, चिमट्याने ओढून काढाव्यात. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याला देऊ नये, ती त्याला विषासमान ठरू शकते.

चावलाच तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ‘घरचाच आहे, लस दिलेली आहे’ असे म्हणून स्वतःच निर्णय घेऊ नये. जुन्या लोकांच्या मनात पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून आहे. ती लस आपल्या देशात २००५ पासून वापरात नाही. आता दंडावर चार-पाच भेटींत लस देतात आणि सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. कातडी फाटून रक्त आले असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारावे. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी. तो ठणठणीत राहिला, तर उरलेल्या मात्रा थांबवायच्या की नाहीत हे डॉक्टर ठरवतील. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून वाट पाहणे नको. घरात मुले असतील, तर चावण्यापूर्वीच लस घेण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

शेवटी एवढेच. घरातली चार माणसे चार शब्दांवर एकमत होणार नसतील, तर दांडगा कुत्रा आणू नये. त्याऐवजी निवाऱ्यातले एखादे शांत, वयस्क जनावर निवडावे. तेही कोणाची तरी वाट पाहत असते. आणि एकमत होणार असेल, तर खुशाल आणावा. फिरायला जाण्याचा डॉक्टरचा सल्ला टाळता येतो, पण सकाळी साडेपाचला पट्टा तोंडात धरून उशाशी उभा राहणारा कुत्रा टाळता येत नाही. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या माझ्या रुग्णांना तोही एक फायदाच आहे.