नगरीची ढाल आणि तिच्यावरील अक्षरे

मुलुंडहून किंवा घाटकोपरहून आगगाडीने निघालेला विद्यार्थी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर, म्हणजे जुन्या बोरीबंदरावर, येऊन उभा राहिला की महानगरपालिकेची भव्य इमारत त्याच्या दृष्टीस पडते. अंधेरी-बोरिवलीच्या मित्रांना चर्चगेटहून थोडे चालावे लागेल, परंतु ते श्रम वाया जाणार नाहीत. स्थानक आणि ही इमारत या दोहोंची रचना फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या एकाच वास्तुविशारदाची आहे. स्थानकाच्या प्रवेशद्वाराच्या खांबांवर एक सिंह व एक वाघ बसविलेला दिसतो. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. १८९३ साली पुऱ्या झालेल्या पालिकेच्या इमारतीवर मात्र दर्शनी भागी उंचावर पंख असलेली एक स्त्री उभी आहे. ती स्त्री म्हणजे मूर्तिमंत मुंबई नगरी होय. ‘अर्ब्स प्रायमा इन इंडिस’ हे तिचे लॅटिन बिरुद. अर्ब्स म्हणजे नगरी, प्रायमा म्हणजे पहिली. हिंदुस्थानातील पहिली नगरी, असा त्याचा अर्थ. नगरीच्या जुन्या ढालीवर वर सिंह, खाली समुद्रातील जहाजे आणि ढालीच्या तळाशी हेच शब्द होते.

ढालीवर चिन्ह काढण्याची ही रीत मूळची युरोपातील. लोखंडी शिरस्त्राणाने तोंड झाकलेला योद्धा रणात ओळखावा कसा, या अडचणीतून बाराव्या शतकाच्या सुमारास ती रूढ झाली. पुढे योद्धे गेले, ढाली राहिल्या. घराणी, विद्यापीठे आणि नगरे त्या मिरवू लागली. आपल्याकडे ढालीचे काम निशाण आणि मुद्रा या दोहोंनी केले. त्यांतही मुद्रेचा थाट निराळा. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेत सिंह नाही, जहाज नाही, केवळ अक्षरे आहेत. शहाजीराजे व जिजाबाई यांच्या मुद्रा फारसी भाषेत होत्या. महाराजांनी आपली मुद्रा संस्कृतात घडविली. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी, जगाने वंदिलेली ही शहाजीपुत्राची मुद्रा कल्याणासाठी शोभते, असा तिचा आशय आहे. कागद तोच, शाईही तीच. परंतु भाषा पालटली आणि राज्य कोणाचे, कोणासाठी, हे वाचणारास कळले.

मुंबईच्या चिन्हाच्या बाबतीतही पुढे असेच घडले. महानगरपालिकेच्या आजच्या चिन्हावर लॅटिन शब्द नाहीत. तेथे देवनागरीत ‘यतो धर्मस्ततो जयः’ असे वाक्य आहे. जेथे धर्म तेथे जय, असा त्याचा सरळ अर्थ. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या चिन्हावरही हेच वाक्य आहे. येथे धर्म म्हणजे अमुक एक पंथ किंवा उपासना नव्हे. न्यायाने वागणे, आपले कर्तव्य करणे, असा अर्थ घ्यावयाचा.

वाक्य महाभारतातील आहे, आणि त्याचे मर्म कळण्यास गांधारीची कथा आठवावी. अठरा दिवसांच्या युद्धात दुर्योधन मातेजवळ विजयाचा आशीर्वाद मागत असे. माता ती, ‘विजयी भव’ म्हणणे तिला किती सोपे होते! पण प्रत्येक वेळी ती इतकेच म्हणाली, की जेथे धर्म तेथे जय. पुत्राच्या बाजूने धर्म नाही हे ती जाणत होती. पुत्राला तिने शाप दिला नाही, आणि खोटा आशीर्वादही दिला नाही.

आता दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. लॅटिन वाक्य बढाई मारते: आम्ही पहिले. त्यात विचारण्यासारखे काही उरत नाही. संस्कृत वाक्य नगरीला पहिले स्थान देत नाही. ते तिला अट घालते. पालिकेचा जय तिच्या उंच घुमटात नाही. नळ, गटारे, दवाखाने आणि प्राथमिक शाळा यांत धर्म पाळला जातो की नाही, यावर तो अवलंबून आहे. घरपट्टी व पाणीपट्टी भरणाऱ्या आपल्या पालकांनी हे वाक्य पावतीवर दिसेल तेव्हा एकवार सावकाश वाचावे, असे मला वाटते.

आपण उपनगरवासी या नगरीत उशिरा आलो. १६६१ च्या विवाह-कराराने मुंबई बेट इंग्रजांच्या राजाकडे गेले, परंतु आपली साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३७ साली मराठ्यांनी ती जिंकली व १७७४ साली इंग्रजांनी ती घेतली. तरीही नगराची हद्द खाडीपलीकडे आली नाही. अंधेरी व घाटकोपर ही गावे १९५० साली पालिकेच्या हद्दीत आली. बोरिवली व मुलुंड यांना १९५७ सालापर्यंत थांबावे लागले. म्हणून जुन्या ढालीवर बंदरातील जहाजे आहेत, पण साष्टीची भातखाचरे नाहीत, मिठागरे नाहीत, कान्हेरीचे डोंगर नाहीत.

साष्टीसाठी ढालीवर एक कोपरा मोकळा मिळाला, तर विद्यार्थिमित्रहो, तुम्ही काय काढाल? कोणी अंधेरीचा गिल्बर्ट हिलचा कातळ काढील, कोणी गावठाणातील क्रूस, कोणी कान्हेरीचे लेणे. मी मात्र विहारचा तलाव काढीन. तो १८६० साली बांधून पुरा झाला. तेव्हापासून त्याचे पाणी नळांतून त्या पहिल्या नगरीस जात राहिले. आणि तलावाच्या आसपासची गावे त्या नगरीत मोजली जाण्यास आणखी नव्वद वर्षे जावी लागली.