चाके भूमीस लागल्यावर

विमानास जो धोका असतो तो आकाशात. एकदा ते जमिनीस टेकले की भय संपले, अशी पुष्कळांची समजूत असते. आपल्या महाडकरांस मात्र ३ मे २०२४ रोजी निराळा धडा मिळाला. त्या सकाळी निवडणुकीच्या प्रचारासाठी आलेले एक हेलिकॉप्टर उतरता उतरता धुळीच्या लोटात कलंडले व मोडून पडले. ९ ऑगस्ट २०२५ रोजी बारामतीस प्रशिक्षणाचे एक लहान विमान उतरले. परंतु त्याचे पुढचे चाक निखळले व ते बाजूस भरकटले. दोन्ही वेळी वैमानिक बचावले. तेव्हा भूमीवर आलेल्या विमानाचाही ताबा कसा सुटतो, हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

इंजिनाच्या बळावर विमान जमिनीवरून चालविणे, यास वैमानिक ‘टॅक्सी करणे’ म्हणतात. हवेत विमानाची दिशा शेपटीवरील सुकाणू सांभाळते; पण त्यावरून वेगाने हवा वाहिली तरच ते काम देते. जमिनीवर वेग थोडा, म्हणून सुकाणू दुबळे पडते आणि सारी भिस्त चाकांवर व ब्रेकांवर राहते.

वारा मात्र दुबळा होत नाही. त्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी २० किलोमीटरचा वारा ४० झाला, तर जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. बाजूचा वारा उभ्या शेपटीस ढकलतो व विमान वातकुक्कुटाप्रमाणे वाऱ्याकडे तोंड फिरवू पाहते. त्याच वेळी वाऱ्याकडील पंख उचलला जातो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ज्या ‘पस मॉथ’ विमानातून कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले, त्या जातीच्या विमानांत मुख्य चाके पुढे व भार त्यांच्या मागे असे. बैलगाडी जू धरून मागे रेटून पाहा. जरा तिरपी झाली की ती अधिकच वळते. तसेच अशा विमानाची शेपटी पुढे येऊ पाहते आणि विमान स्वतःभोवती गर्रकन फिरते. शिवाय नाक वर असल्याने समोरचे दिसत नाही. म्हणून वैमानिक नागमोडी चालीने वाट पाहत जातो.

यावर उपाय साधे आहेत. माणसाच्या चालीने जावे. वारा समोरच्या बाजूने असता दांडा वाऱ्याकडे, मागच्या बाजूने असता वाऱ्यापासून दूर धरावा. वळण्यापूर्वी वेग कमी करावा. इंजिन थांबून चाकांस अडण्या लागेपर्यंत लक्ष ढळू देऊ नये.

आंबेनळी घाट उतरून पोलादपूर दिसू लागले, म्हणून शहाणा चालक चाकावरचा हात सैल करीत नाही. मुक्काम जवळ आला आणि मुक्काम गाठला, यांत अंतर असते. पुष्कळ अपघात त्या अंतरातच घडतात.