आधी तेल, मग वेग
(यंत्रशास्त्रातील एक पाठ)

औंधाच्या आसपास ज्यांची शेती आहे त्यांनी विहिरीच्या काठावरील पंप पाहिलाच असेल. पाणबुडी मोटारी आल्यापासून तो देखावा विरळ होत चालला आहे. तथापि अनेक घरी अद्यापि जुना पंप आहे. तो सुरू करण्यापूर्वी शेतकरी एक गोष्ट कधी विसरत नाही. वरचे झाकण काढून तो कळशीभर पाणी पंपात ओततो, आतील हवा निघून जाऊ देतो, आणि मगच इंजिनाचे हँडल मारतो. ज्या पंपाने पाणी वर आणावयाचे, त्यालाच प्रथम पाणी पाजावे लागते, हे कसे? आजच्या पाठाचे मर्म या एका प्रश्नात आहे.

आपल्या भागाला हा विषय परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांस औंधचे अधिपती श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळची ओसाड जागा कारखान्यासाठी दिली. तेथे निवडुंग तोडून किर्लोस्करवाडी उभी राहिली. ते गाव तेव्हा औंध संस्थानात होते. आज सांगली जिल्ह्यात आहे. तेथून लोखंडी नांगर व पुढे पाण्याचे पंप गावोगाव गेले. १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि विहिरीवर डिझेल इंजिनाचा आवाज ओळखीचा झाला. तेव्हा पंप आणि इंजिन ही दोन्ही आपल्या घरचीच माणसे समजावयास हरकत नाही.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. आमचा एक जुना विद्यार्थी औंधच्या रस्त्यावर लहानसे गॅरेज चालवितो. त्याच्याकडे एका हौशी गृहस्थांची एम. जी. टी. सी. जातीची दोन आसनी स्पोर्ट्स कार दुरुस्तीस आली होती. ही गाडी इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ या काळात तयार होत असे. इंजिन चार सिलिंडरचे, १२५० सी. सी.चे. विद्यार्थ्याने ते संपूर्ण उकलले, क्रँकशाफ्ट घासून घेतला, नवी बेअरिंगे बसविली आणि सर्व पुन्हा जोडले. एवढे मोठे काम त्याने प्रथमच अंगावर घेतले होते. घरचे पैसे त्यात गुंतले होते, आणि मालक संध्याकाळी येणार होते. आम्ही सहज तेथे गेलो, तेव्हा तो घामाघूम होऊन तेलाच्या दाबाच्या काट्याकडे पाहत होता. स्टार्टरने इंजिन कितीही फिरविले तरी काटा शून्यावरून हलेना.

तो म्हणाला, "सर, इंजिन एकदा चालूच करून पाहू. वेग वाढला म्हणजे पंप आपोआप तेल ओढील."

खरे सांगावयाचे तर आम्हांसही क्षणभर ते पटले. तेवढ्यात आपल्या इंजिनाचा एक भाग न्यावयास आलेले एक वृद्ध शेतकरी बाकावरून म्हणाले, "आरं पोरा, त्या पंपाला आधी पाजलंस का? कोरडा पंप ओढंल कसा?"

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो. वर्गात ज्या वातावरणाच्या दाबाचे धडे आम्ही इतकी वर्षे दिले, तो दाब त्या वृद्ध गृहस्थांना विहिरीच्या काठावर आमच्याहून अधिक चांगला कळला होता.

प्रथम हे पाहू की, तेलावाचून एवढे काय बिघडते? क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यात साधारणतः इंचाचे दोन सहस्रांश एवढीच फट असते. डोक्याचा केस बहुधा याहून जाड भरेल. त्या फटीत तेल असेल तर फिरता दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो आणि धातूला धातू लागत नाही. १८८३ च्या सुमारास बोशाँ टॉवर नावाचे इंग्रज यंत्रशास्त्रज्ञ रेल्वेच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होते. बेअरिंगाच्या माथ्यावर पाडलेल्या छिद्रातून तेल वर येऊ लागले, म्हणून त्यांनी बूच मारले. ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी मारली. तीही टिकली नाही. दाबमापक लावून पाहता तेथील दाब भाराच्या सरासरी दाबाच्या दुपटीहून अधिक निघाला. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले: फिरता दांडा स्वतःच तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो, आणि त्यातून दांड्यास उचलून धरणारा दाब उत्पन्न होतो.

यावरून ध्यानात येईल की, दांड्यास तोलून धरतो तो तेलाचा थर. पंपाचे काम त्या थराला अखंड तेल पुरविण्याचे. पुरवठाच नसेल तर थर टिकावयाचा कसा? जोडणीच्या वेळी बेअरिंगांस तेल चोपडलेले असते. ते हाताने दिलेल्या थोड्या फेऱ्यांस पुरते. परंतु इंजिन आपल्या बळावर मिनिटास हजार फेरे घेऊ लागले, की अर्ध्या मिनिटात पाचशे फेरे होतात. तेवढ्यात नव्या बेअरिंगांचा मऊ धातू खरवडून निघावयास वेळ लागत नाही, आणि महिन्याभराची मेहनत वाया जाते.

मग पंप तेल का ओढीत नव्हता? या पंपात एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाके असतात. दात आणि कवच यांमधील खाचांतून ती तेल एका बाजूने घेऊन दुसऱ्या बाजूस ढकलतात. आपण "पंप ओढतो" असे म्हणतो. वस्तुतः पंप नळीतील दाब केवळ कमी करतो, आणि बाहेरचे वातावरण, दर चौरस इंचास सुमारे १४.७ पौंड या दाबाने, खालच्या टाकीतील तेल नळीत वर ढकलते. पण चाके कोरडी असली तर हवा दातांच्या फटींतून मागे निसटते, नळीतील दाब उतरत नाही, आणि तेल जागचे हलत नाही. फटीत तेल असले की तेच बुचाप्रमाणे त्या बंद करते. या गाडीचा पंप इंजिनाच्या कुशीस, तेलाच्या पातळीच्या वर असतो; आणि जोडणीनंतर इंजिन कित्येक दिवस उभेच होते. पंप कोरडा ठणठणीत पडला होता, यात नवल ते काय?

उपाय साधा होता. विद्यार्थ्याने पंप उघडला आणि चाकांभोवतीची पोकळी व्हॅसलिनने भरली. येथे जाड ग्रीस वापरू नये. ते तेलाच्या बारीक वाटांत अडकून बसण्याची भीती असते. व्हॅसलिन गरम तेलात विरघळून जाते. फिल्टरही तेलाने भरला. नंतर चारही स्पार्क प्लग काढले. त्यामुळे सिलिंडरांत हवा दाबली जात नाही, इंजिन हलके फिरते आणि बेअरिंगांवर भार येत नाही. मग त्याने हँडल घेऊन सावकाश फेरे दिले. काही वेळ काटा स्तब्धच होता. मग तो किंचित थरथरला. स्टार्टर लावताच तो पंचविसाच्या आसपास जाऊन स्थिरावला. त्या मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद आम्ही विसरणार नाही. बाकावरचे आजोबा मात्र, यात विशेष ते काय, अशा मुद्रेने चहा पीत राहिले.

एवढ्यानेही काटा उठला नाही तर काय पाहावे? हेही समजून घ्यावे. पंप प्रवाह देतो. प्रवाहाला अरुंद वाटांत अडथळा झाला म्हणजे दाब दिसतो. तेव्हा दाब नसण्याची कारणे तीन प्रकारची. पहिले, तेल पंपापर्यंत पोहोचत नाही: टाकीत तेल कमी असेल, किंवा शोषनळीचा सांधा सैल असून तेथून हवा शिरत असेल. दुसरे, तेल भलत्याच वाटेने निसटते: जादा दाब सोडणारी झडप कचऱ्याने उघडी राहिली असेल, तिची स्प्रिंग बसवावयाची राहिली असेल, सफाईच्या वेळी काढलेले एखादे बूच विसरले असेल, अथवा बेअरिंगांतील फट प्रमाणाबाहेर असेल. तिसरे, दाब आहे, पण मापक खोटे सांगतो; म्हणून दुसरे मापक लावून खात्री करावी. इंजिन सुरू केल्यावर दहा-पंधरा सेकंदांत काटा उठला नाही तर ते तत्काळ बंद करावे. इंजिन तापल्यावर दर हजार फेऱ्यांस सुमारे दहा पौंड दाब असावा, असा जुन्या कारागिरांचा ठोकताळा आहे. अंतिम शब्द अर्थातच त्या त्या गाडीच्या पुस्तकाचा.

पालकांस एकच विनंती. मुलगा एखादे यंत्र खोलून बसला तर त्यास केवळ रागावू नये, "हे असे का?" एवढे त्यास विचारावे. आणि मुलांनो, तुम्ही शेतातील वडीलधाऱ्यांचे अनुभव अडाणीपणाचे समजू नका. त्या दिवशी पुस्तकातील नियम आमच्याजवळ होता, हातातील हत्यार विद्यार्थ्याजवळ होते. पण दोहोंची गाठ घालून दिली ती विहिरीवर जन्म काढलेल्या माणसाने. घाईने हँडल मारले असते तर संध्याकाळी मालकांस मोडके इंजिन दाखवावे लागले असते. अर्धा तास थांबल्याने ती गाडी दिवे लावून, सुरेल आवाज करीत, औंधचा रस्ता चालू लागली.